ओल्या डोंगरावर तीन काड्या

"मुंबईच्या माणसाला विस्तव पेटवता येत नाही, रॉकेल पेटवता येतं," असं आमच्या भटक्या ग्रुपचे म्होरके एकदा सगळ्यांसमोर म्हणाले आणि म्हणताना त्यांनी नेमकं माझ्याकडे पाहिलं. माझं पित्त खवळलं. त्या वयात ते खवळायला फार काही लागायचं नाही, पण या वेळचा राग जास्तच झोंबला, कारण ते म्हणत होते ते खरं होतं.

ऐंशीनंतरची वर्षं. आम्ही मुलुंडला राहायचो. माझ्या वडिलांची गिरणी संपात गेली होती आणि ते भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायला लागले होते. मी अंधेरीच्या एका ऑफिसात टायपिस्ट होते आणि रविवार आला की पाठीवर सॅक टाकून डोंगरात पळत होते. मुलुंड, नाहूर, घाटकोपर इथली दहा-बारा माणसं, त्यांत मुली दोनच, मी आणि नाहूरची माझी मैत्रीण. म्होरके घाटकोपरला राहायचे, कुठल्याशा सरकारी कचेरीत होते. फायलींवर काढायचा राग ते आमच्यावर काढत असावेत. डोंगरात पाण्याचा एक घोट जास्त प्यायलेला त्यांना दुरून कळायचा.

त्या वर्षी दिवाळीत चार दिवसांची मोठी भटकंती ठरली. सह्याद्रीच्या धारेवरून किल्ले करत जायचं, मुक्काम गुहांत, स्वयंपाक आपला आपण. मला तिथे जायचंच होतं. घरात माझ्या लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. दर पंधरा दिवसांनी कोणीतरी काका एक फोटो घेऊन येत आणि आई तो देवाच्या फळीवर ठेवत असे. पुढच्या दिवाळीला माझ्या सॅकची किल्ली कोणाच्या हातात असेल सांगता येत नव्हतं. सॅकला किल्ली नसते, पण मला तेव्हा तसंच वाटायचं. ही दिवाळी माझी, पुढचं पुढे.

म्होरक्यांनी अट घातली. गणपती होऊन गेले की मुलुंडच्या मागच्या डोंगरावर परीक्षा. तेव्हा तिथे सगळं ओलंचिंब असतं. दोघादोघांची जोडी, प्रत्येक जोडीला तीन काड्या. घरून मूठभर पेटवण आणायचं, म्हणजे ठिणगी पटकन धरेल अशी काहीही वस्तू. लाकडं मात्र डोंगरावरच शोधायची. रॉकेल नाही, कागद नाही, मेणबत्ती नाही. तीन काड्यांत जाळ करून चहा उकळला तर दिवाळीला यायचं, नाहीतर घरी बसून चकल्या खायच्या.

घरी सांगितल्यावर बाबा आधी हसले, मग गंभीर झाले. "पास झालंस तर जा गो बाय. मी अडवूचंय नाय," म्हणाले. मी नापास होणार याची त्यांना इतकी खात्री होती की शब्द देताना त्यांना जराही जड गेलं नाही. मैत्रिणीच्या वडिलांनी वेगळी मेख मारून ठेवली: तुझी ती मुलुंडची जात असेल तर जा, एकटी पोरगी पुरुषांत पाठवणार नाही. म्हणजे मी बुडाले तर तीही माझ्याबरोबर बुडणार. तिने मला तसं स्पष्टच सांगितलं.

"यार, तू काय ती प्रॅक्टिस कर. मला घरात काडी ओढली तरी आजी ओरडते."

मग मी आमच्या गॅलरीत प्रयोग सुरू केले. पहिला मान नारळाच्या काथ्याचा. कोकणातल्या घरात काथ्याची टंचाई नसते. सोडणं पिंजून मी छान गोल घरटं केलं, काडी लावली. तो नुसता धुमसला. जाळ दिसेना, धूर मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचला. वरच्या बाईंनी वाळत टाकलेल्या साड्या ओढून घेतल्या आणि खाली वाकून विचारलं, डास फार झालेत का हो? पावसाळ्यात काथ्या ओल धरून ठेवतो हे मला तेव्हा कळलं. हाताला कोरडा लागला तरी आतून तो ओलाच असतो.

मग नाहूरच्या एका सुताराकडून रंध्याचे छिलके आणले. पातळ, कुरळे, सुवासिक. ते भुर्रकन पेटले आणि मी पाणी ठेवायच्या आत विझले. कापराचंही तेच. शिवाय कापूर उडून जातो. डबीत ठेवलेल्या वड्या आठवड्यात निम्म्या झाल्या आणि आईने मला विचारलं की मी कापूर खाते का. शेवरीचा कापूस उशीतून काढला, तो काडी लावल्याबरोबर गायब झाला, पेटला की नाही हेसुद्धा कळलं नाही. सायकलच्या ट्यूबचा तुकडा मात्र बहाद्दर निघाला. भर पावसातही तो जळत राहिला असता. पण त्याच्या वासाने बाबा जेवणावरून उठले.

"तुका माहुलाक नेवन सोडतंय," ते म्हणाले. "थंय तेलाचे कारखाने आसत. काडी लावची पण गरज नाय."

आई पहिल्या दिवसापासून एकच वाक्य म्हणत होती. "गो, घराक आग लावतलंस काय?" पण ती थांबवत नव्हती. उलट दाराच्या चौकटीला टेकून बघत राहायची. मला वाटायचं तिला गंमत वाटते आहे.

आणि मग एका संध्याकाळी आई निरांजन लावत होती, ते बघताना माझ्या डोक्यात उजेड पडला. फुलवात! कापसाची, खाली गोल, वर शेंडी, तुपात बुडवून थिजवलेली. शेंडी ठिणगी धरते आणि खालचं तूप तिला जळत ठेवतं. शेवरीच्या कापसाने आणि छिलक्यांनी जे मला दिलं नव्हतं तेच नेमकं: वेळ. चातुर्मासात आई रोज दुपारी मांडी घालून वाती वळत बसायची. लहानपणी मलाही बसवायची आणि मी पायाला मुंग्या आल्याची तक्रार करायचे. मी एक फुलवात गॅलरीत नेली, वर काटक्या रचल्या. वारा होता, तरी ती शांतपणे जळत राहिली आणि काटक्यांनी जाळ धरला. मी जागच्या जागी उड्या मारल्या. झकास! दिवाळी खिशात!

आईकडे थोड्या फुलवाती मागितल्या. तिने "देवाच्यो वाती?" एवढंच म्हटलं, पण बिस्किटांचा एक छोटा पत्र्याचा डबा काढून दिला. मी त्यात वाती भरल्या, झाकण घट्ट बसवलं आणि परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सॅकमध्ये टाकला.

रविवारी सकाळी निघताना आईने मला पाटावर बसवून डोक्यावर तेल घातलं. तेल घातलं म्हणजे अक्षरशः ओतलं. "डोंगरावर ऊन लागता," म्हणाली. आकाशात ऊन औषधालासुद्धा नव्हतं. वेणीतून तेल पाठीवर उतरत होतं आणि मी चरफडत होते, पण आईशी सकाळी वाद घालायचा नाही हा घरातला अलिखित कायदा होता. सॅकमध्ये तिने भाकऱ्या आणि केळीच्या पानात बांधलेले सुके बोंबील टाकले.

डोंगराच्या पायथ्याशी कॉलनी संपते तिथे सगळे जमले. वाटेवर शेवाळ, झाडांवरून टपटप पाणी, ओढ्याला अजून आवाज. म्होरक्यांनी जागा वाटून दिल्या, काड्या मोजून दिल्या आणि स्वतः एका कातळावर छत्री उघडून बसले.

लाकडं शोधायला आम्ही चांगली अक्कल वापरली, हे मात्र मी आजही अभिमानाने सांगेन. जमिनीवरचं काही घ्यायचं नाही. झाडालाच सुकून अडकून राहिलेल्या बारीक डहाळ्या घ्यायच्या, मोडताना कट्‌ असा आवाज आला तरच. जाड फांदीची ओली साल सोलून आतलं कोरडं लाकूड चाकूने तासायचं. मैत्रिणीने कट्‌ कट्‌ करत मोठी जुडी जमवली. मी दगडांची चूल मांडली, खाली पानं अंथरली. मग दिमाखात सॅकमधून डबा काढला आणि झाकण उघडलं.

आत गूळ-खोबरं होतं.

सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी आणि गुळाचा खडा, नीट फडक्यात बांधलेला. वाती एकही नाही. मी डबा उलटा केला, सॅक उलटी केली. बोंबलांचा वास मात्र दरवळला.

"आईने काढल्या," मी म्हणाले. मला लगेच कळलं. देवाच्या वाती आणि सुके बोंबील एका पिशवीत! ते तिला सहन होणं शक्यच नव्हतं. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. सोवळंओवळं सांभाळायला हाच दिवस मिळाला तिला?

"वाट लागली," मैत्रीण म्हणाली आणि खाली बसली. "माझा बाप आता मला नाक्यापर्यंतसुद्धा सोडणार नाही."

पलीकडे घाटकोपरच्या दोघांची चूल धुरायला लागली होती. मी खोबऱ्याची वाटी हातात घेतली. होमात सुकं खोबरं टाकलं की कसं धडधडतं हे मी पाहिलं होतं. तेलच तर असतं त्यात. चाकूने पातळ काप काढले, रचले आणि पहिली काडी लावली. काप काळा पडला, कडेला जरासा तडतडला, काडी माझ्या बोटाशी आली आणि संपली. खोबरं जळतं, पण आधी त्याला कोणीतरी जळत राहून दाखवावं लागतं.

दुसरी काडी सर्दावलेली होती. आणि इथे मी जे केलं ते मुंबईतला कोणीही पावसाळ्यात करतो: काडीचं टोक केसांत घासलं. घरात आम्ही सगळे असंच करतो. केसांच्या उबेने काडी कोरडी होते, मग ओढायची. मी कानामागे दोन-चार वेळा चांगली घासली आणि पेटीवर ओढली. ती सुळकन सरकली. पुन्हा ओढली, पुन्हा सरकली आणि तिसऱ्यांदा टोकाचा गूल निखळून पडला. मी काडीकडे पाहिलं. ती तेलाने माखली होती. बोटंही.

"मूर्ख!" मैत्रीण माझ्यावर ओरडली. "एवढं तेल थापलंय डोक्याला आणि त्यात काडी घासतेस?"

तिचं वाक्य संपेपर्यंत मी तिच्याकडे हात पसरला होता. "कापूस दे."

"कसला कापूस?"

"तुझ्या सॅकमध्ये आहे तो. मुली नेतात तो. दे ना गं!"

ती लाजून लाल झाली. म्होरक्यांकडे, मग त्या घाटकोपरवाल्यांकडे बघत तिने पदराआड धरावं तसं सॅकआड धरून कापसाचं गुंडाळं काढलं. म्होरक्यांना काय चाललंय ते समजलं असावं, कारण त्यांनी छत्रीसकट तोंड फिरवलं आणि ते विहार तलावाच्या दिशेला फार बारकाईने बघू लागले. मी वेणी सोडली. कापसाचा पुंजका घेऊन केस मुळापासून टोकापर्यंत पिळून पिळून पुसले. आईने ओतलेलं सगळं तेल कापसात उतरलं. मग तो पुंजका मांडीवर ठेवून तळहाताने वळला, अगदी चातुर्मासातल्यासारखा, आणि वर कोरड्या कापसाची शेंडी काढली. तशा वाती मी पटापट वळल्या. पायाला मुंग्या आल्या नाहीत.

वाती मधोमध, त्यांच्यावर खोबऱ्याचे काप, त्यांच्यावर काडीएवढ्या डहाळ्या. तिसरी काडी मी मैत्रिणीला दिली. तिचे केस कोरडे, शांपूचे. तिने ती हळूच कानामागे फिरवली, डोळे मिटले आणि ओढली.

शेंडीने ठिणगी धरली. वात जळायला लागली, न घाबरता, घरातल्या निरांजनासारखी. खोबऱ्याचा पहिला काप कडेने पिवळा झाला, तडतडला आणि त्याला जाळ फुटला. मग दुसरा. सगळ्या डोंगरावर भाजलेल्या खोबऱ्याचा वास सुटला. डहाळ्यांनी कुरकुर केली आणि पेटल्या. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून किंचाळलो. चहा उकळला तेव्हा त्यात राख, पान आणि बहुतेक माझा एक केस होता, पण तो उकळला होता.

म्होरके कप घेऊन आले, चुलीत वाकून पाहिलं, वास घेतला. "हे तेल कुठलं?"

"डोक्याचं," मी म्हणाले. "डोकं धुऊन यायचं असं तुम्ही सांगितलं नव्हतं."

ते चहा प्यायले. केस बहुधा त्यांच्याच कपात गेला, कारण त्यांनी मध्येच जिभेवरून काहीतरी काढलं. आणि मग ते हसले. आम्ही त्यांना हसताना प्रथमच पाहत होतो. "दिवाळीला दोघींनी असंच तेल लावून यायचं," म्हणाले. निखाऱ्यांवर आम्ही बोंबील भाजायला घेतले तेव्हा मात्र ते शाकाहारी असल्यामुळे वाऱ्याची दिशा बघून पलीकडे जाऊन बसले.

उतरताना मी आईला काय काय सुनवायचं ते मनात घोळवत होते. घरात शिरल्या शिरल्या सुरुवात केली. बोंबलांचं सोवळं, माझी परीक्षा, रिकामा डबा, सगळं. बाबा खाटेवर बसून ऐकत होते. पास झाले म्हटल्यावर ते थोडे पांढरे पडले. पण डोक्याच्या तेलाचं ऐकल्यावर त्यांना हसू आवरेना.

"वाती हिनाच काढल्यान, आणि तेल पण हिनाच चोपडल्यान!" ते आईकडे बोट दाखवून म्हणाले.

आई हसली नाही. ती तांदूळ निवडत होती, ते निवडतच राहिली. मग म्हणाली, "बोंबलांचो काय संबंध?"

"मग वाती का काढल्यास?"

"माका वाटलां, पेटाचां नाय. मगे दिवाळीक तू घराकच रवतलंस." तिने मान वर केली नाही. "फुडल्या दिवाळीक तू खंयच्या घरात आसतलंस, कोणाक ठाऊक?"

सकाळपासून तोंडात घोळवलेलं सगळं भांडण जागच्या जागी थंड झालं. मी महिनाभर शेवटची दिवाळी, शेवटची दिवाळी म्हणत नाचत होते. तीही मनात तेच म्हणत होती. तिलाही नेमकी तीच दिवाळी हवी होती. मी तिच्याजवळ बसले आणि ताटातले खडे काढायला लागले. "नको जाऊ का?" मी विचारलं, आणि ते खरं विचारलं.

आईने माझ्याकडे नीट पाहिलं. केस सुटलेले, तोंडाला काजळी, बोंबलांचा वास. "पेटवलंस मां?" ती म्हणाली. "मगे जा."

मी गेले. खोटं कशाला सांगू, फार मजा आली. गुहेत विस्तव पेटवायची वेळ आली की म्होरके सगळ्यांना गप्प करून आम्हा दोघींना पुढे बोलवायचे. पहिल्या आंघोळीच्या पहाटे आम्ही किल्ल्याच्या टाक्यातलं गार पाणी अंगावर घेतलं आणि मैत्रीण एवढ्या जोरात किंचाळली की खालच्या वाडीतले कुत्रे भुंकले. मला त्या क्षणी आईची आठवण आली, तेही सांगून टाकते. चार दिवसांत एकदाच. पण आली.

परत आले तेव्हा दिवाळी उरकली होती. चाळीतल्या लोकांनी कंदील उतरवले होते, गॅलरीत फटाक्यांचे कागद केरसुणीने कोपऱ्यात लोटलेले होते. आमचा कंदील मात्र अजून लागलेला होता. "माका चकली पण देवक नाय हिना," बाबांनी दारातच तक्रार केली. मला काही समजलं नाही. मी इतकी दमले होते की जेवून तशीच झोपले.

पहाटे आईने मला हलवून उठवलं. मोरीपुढे पाट मांडला होता, भोवती रांगोळी, बाजूला पणती. उटणं कालवलेलं, पाणी कढत. पाटाशी एक कारीट ठेवलं होतं. ते कडू फळ आम्ही पहिल्या आंघोळीला अंगठ्याने फोडतो. इतके दिवस ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यामुळे ते जरा मऊ पडलं होतं. मी डोळे चोळत पाटावर बसले. बाबा टॉवेल गुंडाळून माझ्यामागे नंबर लावून उभे होते. त्यांनाही तिने ताटकळत ठेवलं होतं.

समोरच्या शेजारीण दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आल्या आणि आमच्या उघड्या दारातून हा सगळा थाट बघून थबकल्या.

"अहो, हे काय? दिवाळी झाली ना?"

आईचे हात माझ्या डोक्यावर चालले होते, ते थांबले नाहीत.

"तुमची झाली," ती म्हणाली. "आमची आज आसा."